रकाबी, मशीन आणि कपाट : घरातल्या वस्तूंचे मूळ गाव

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चारही भावंडे दाभोळ खाडीकाठच्या आमच्या गावी जमलो, ते जुने घर रिकामे करण्यासाठी. अब्बांच्या पश्चात अम्मी आमच्याकडे राहते. घराची कौले दोन पावसाळे शेकारलेली नव्हती. ओटीवर सगळे सामान काढून ठेवले तेव्हा लक्षात आले, की तीन पिढ्यांचा संसार एका टेम्पोत सहज मावेल.

भंगारवाला सकाळीच आला. त्याने तांब्याचा हंडा उचलला, तळाला बोटाने वाजवला आणि भाव सांगितला. पितळेचा लोटा आणि तोटीचा बदना एकाच गोणीत टाकला. शिलाई मशीनचा लोखंडी भाग त्याने काट्याला लावून पाहिला आणि वरचे लाकडी झाकण पायाने बाजूला सारले. "हे जळणाला ठेवा," म्हणाला. वेताची जुनी खुर्चीही जळणातच. निळ्या नक्षीची रकाबी मात्र त्याने एका बोटाने आमच्याकडे परत ढकलली. चिनीला भंगारात भाव नसतो.

घाई आमच्या भावाला होती. त्याच्या मुलीचा निकाह पावसाळ्यानंतर ठरला होता. मुलाकडच्यांनी बैठकीत सांगितले होते, "आम्हाला काही नको, तुम्ही खुशीने जे द्याल ते." आठ दिवसांनी मध्यस्थ बाईंच्या तोंडून त्या खुशीची यादी आली. तिच्यात लोखंडी कपाट होते, शिलाई मशीन होते आणि आणखीही बरेच काही होते. म्हणजे जुने मशीन किलोवर विकायचे आणि त्या पैशात थोडी भर घालून नवे मशीन द्यायचे, असा हिशेब होता.

आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. शिक्षकी पेशाची ही खोडच म्हणा. एखादी गोष्ट फेकून देण्याआधी ती कोठून आली, तिचा असा आकार का झाला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या आठ दिवसांत आणि पुढे जूनभर शाळेतून आल्यावर जे वाचले, पाहिले आणि अम्मीकडून ऐकले, ते येथे मांडत आहोत. वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर यातल्या काही वस्तू असतीलच.

आधी त्या रकाबीविषयी. आमचे दादा बोटीवर होते. कोकणातले मुसलमान खलाशी पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींच्या डेकवर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत 'सारंग' हे आडनाव त्याच कामातून आले. दादा लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून परतताना ट्रंकेत काही ना काही आणायचे. त्यातल्या सहा रकाब्यांपैकी ही एक उरली, तीही काठाला टवका उडालेली.

तिच्यावरचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. वाकलेले विलोचे झाड, तीन कमानींचा पूल, पुलावर तीन माणसे, वळणदार छपरांचा वाडा, पाण्यात होडी आणि वर आकाशात समोरासमोर दोन पाखरे. खाली नागमोडी कुंपण. सगळे निळे आणि पांढरे. लहानपणी शिरखुर्मा संपत आला की आधी पाखरे दिसायची, मग पूल, मग कुंपण. दादी म्हणायची, हे चीनचे चित्र आहे.

ते चीनचे नाही. हा 'विलो पॅटर्न' इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागातल्या कुंभारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बसवला. थॉमस मिंटन या कोरीवकाम करणाऱ्याचे नाव त्याच्याशी जोडले जाते, आणि १७९० च्या सुमारास जोसाया स्पोडच्या कारखान्यात त्याला आजचे रूप आले. चीनहून येणारी खरी निळी भांडी महाग होती. ती हाताने रंगवलेली असत. इंग्रजांनी युक्ती काढली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात निळा रंग भरायचा, पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि तो कागद भाजलेल्या बशीवर दाबायचा. कागद निघून जातो आणि चित्र बशीवर राहते. मग वरून काचेसारखा लेप देऊन पुन्हा भट्टी. एका पत्र्यातून शेकडो बश्या. तुमच्याकडे अशी रकाबी असेल तर काठाची नक्षी नीट पाहा. कुठेतरी ती एकमेकांशी न जुळता तुटलेली दिसेल. तो कागदाच्या दोन पट्ट्यांचा सांधा. मागे 'इंग्लंड' असा शिक्का असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या सालापासून अमेरिकेत कायदा लागू झाला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव हवे, आणि कारखानदार सगळ्याच मालावर ते छापू लागले.

चित्रामागची गोष्टसुद्धा इंग्रजांनीच रचली. एका श्रीमंत चिनी अधिकाऱ्याची मुलगी, तिचे वडिलांच्या कारकुनावर मन बसले, दोघे पळाले, पुलावर मागून बाप चाबूक घेऊन धावतो, आणि शेवटी त्या दोघांची पाखरे झाली. ही कहाणी १८४९ साली इंग्लंडच्या एका कौटुंबिक मासिकात छापून आली. चित्र त्याच्या पन्नासेक वर्षे आधीचे! म्हणजे आधी बशी खपली आणि मग तिला कहाणी चिकटवली. जाहिरातीचे हे शास्त्र काही आजचे नव्हे.

जूनमध्ये आम्ही ती रकाबी आठवीच्या वर्गात नेली आणि कहाणी न सांगता विचारले, पुलावरची तीन माणसे कोण? वर्गात शुकशुकाट झाला. मग एका मुलाने उर्दूत लिहिले की दोन भावंडे शाळेत निघाली आहेत, अब्बा मागून विसरलेला डबा घेऊन धावत आहेत. एका मुलीने लिहिले, पुलावर टोल आहे. इंग्लंडच्या कुंभारांपेक्षा ही मुले कमी नाहीत.

पण त्या निळ्या रंगाचे मूळ शोधायला गेलो तेव्हा आम्ही चकित झालो. चौदाव्या शतकात चीनच्या जिंगदेझेन गावी जी निळी-पांढरी भांडी होऊ लागली, तिचा कोबाल्ट हा निळा खनिज रंग इराणातून जात होता. काशानजवळच्या कमसर गावाच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध होत्या. तेच कमसर गुलाबपाण्यासाठीही नावाजलेले आहे. मुस्लिम व्यापारी हा रंग समुद्रमार्गे चीनला पोहोचवत. पुढे मिंग काळात चिनी लोक आयात निळ्याला 'हुई छिंग' म्हणू लागले. 'हुई' म्हणजे मुसलमान. तेव्हा सरळ अर्थ, मुसलमानी निळा. आणखी मागे गेलात तर नवव्या शतकात, अब्बासी खिलाफतीच्या काळात, बसऱ्याच्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांची नक्कल करण्यासाठी मातीवर पांढरा लेप दिला आणि त्यावर कोबाल्टने निळी फुले काढली. चीनची नक्कल बसऱ्याने केली, बसऱ्याचा निळा चीनने उचलला, चीनची नक्कल इंग्लंडने केली आणि ती नक्कल दादांच्या ट्रंकेतून दाभोळच्या खाडीत उतरली. इस्तंबूलच्या तोपकापी महालात दहा हजारांवर चिनी भांडी आहेत. इराणच्या शाह अब्बासने १६११ साली आपला हजारावर भांड्यांचा संग्रह अर्दबीलच्या दर्ग्याला देऊन टाकला होता. आमच्याकडे एकच आहे, टवक्याची, पण नाते त्याच घराण्याशी.

खुर्चीचे थोडक्यात सांगतो. दादा निवृत्त झाल्यावर मुंबईच्या एका बंद पडलेल्या इराणी हॉटेलातून ती आली होती. पाठ गोल वाकवलेली, बसायला वेताची जाळी. हिचा मूळपुरुष मिखाएल थोनेट, जर्मनीतल्या बोप्पार्ड गावचा सुतार, पुढे व्हिएन्नात स्थायिक झालेला. बीच झाडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवण्याची त्याची पद्धत. १८५९ च्या त्याच्या '१४ नंबर'च्या खुर्चीत लाकडाचे फक्त सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट होते. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून ती जहाजाने कुठेही जाऊ शकली. १९३० पर्यंत तिच्या पाच कोटींवर प्रती विकल्या गेल्या. १८६९ मध्ये त्याच्या पेटंटची मुदत संपताच इतर कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या, त्यामुळे आमची कोणत्या कारखान्याची, ते तिच्या बैठकीखालचा कागद वाळवीने खाल्ल्यामुळे कळत नाही. जळणात मात्र ती गेली नाही. तिचे दोन स्क्रू बदलून आता त्यावर अम्मी बसते.

आता मशीन. यात आमचा जीव अधिक गुंतलेला आहे, तेव्हा वाचकांनी थोडे सबुरीने घ्यावे.

ते सिंगरचे हातमशीन आहे. काळे चकचकीत अंग, त्यावर सोनेरी नक्षी, आणि नक्षीत पंख पसरलेला स्फिंक्स, म्हणजे इजिप्तचा तो माणसाच्या तोंडाचा सिंह. कोकणातल्या मशीनवर फिरऔनच्या मुलखातले चित्र कशाला, असा प्रश्न आम्हाला लहानपणापासून पडे. उत्तर साधे आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत इजिप्तचे वेड होते, भिंतीच्या कागदापासून दागिन्यांपर्यंत सगळीकडे स्फिंक्स बसला होता. सिंगरने तो मशीनवर बसवला. लोखंडाचे यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवायला बायका बिचकतील, ते दागिन्यासारखे दिसले पाहिजे, असा त्यामागे विचार. ही नक्षीसुद्धा हाताने काढलेली नसते. रकाबीसारखीच कागदावरून उतरवलेली आणि वरून वार्निश मारलेली.

मशीनच्या पायावर पितळी पट्टीजवळ एक क्रमांक कोरलेला असतो. आमचा 'वाय' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. अशा क्रमांकाची मशीने स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात, दोन महायुद्धांच्या दरम्यान बनली. 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरे असतील तर तीही क्लाइडबँकचीच, पण नंतरची. हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. त्याच्या मनोऱ्यावर चारी बाजूंना प्रचंड घड्याळे होती. कारखाना गेला, पण तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव अजून 'सिंगर' आहे.

शिलाई यंत्र कोणी शोधले, याचे एका नावात उत्तर देता येत नाही. फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये यंत्र काढले आणि पॅरिसमध्ये त्यावर लष्कराचे गणवेश शिवायला घेतले. आपली रोजी जाणार या भीतीने दुसऱ्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडून टाकली. अमेरिकेत एलियास होवने १८४६ मध्ये पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात सुईचे नेढे टोकाशी होते. हातशिलाईच्या सुईला नेढे मागे असते, म्हणून सगळी सुई कापडातून आरपार न्यावी लागते. नेढे टोकाशी आणले की सुईने फक्त दोरा खाली पोहोचवून परत यायचे. खाली धोट्याने दुसरा दोरा त्या फासातून न्यायचा. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे एक टाका तुटला म्हणून सगळी शिवण उसवत नाही. हीच आजची मशीनची शिलाई.

आयझॅक सिंगर हा नाटकात कामे करणारा, गावोगाव फिरणारा माणूस. बॉस्टनमध्ये दुरुस्तीला आलेले एक यंत्र पाहून त्याने त्यात सुधारणा केल्या. सुई सरळ वर-खाली चालणारी, कापड आडव्या पाटावर, त्याला दाबून धरणारा पाय. १८५१ मध्ये त्याला पेटंट मिळाले. होवने दावा लावला आणि तो जिंकला. सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. शेवटी १८५६ मध्ये सगळ्या पेटंटवाल्यांनी भांडणे मिटवून आपापली पेटंटे एकत्र ठेवली. महात्मा गांधींचा यंत्रांवरचा रोष प्रसिद्धच आहे, पण १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद केला होता. बायकोला हाताने शिवताना कष्टी पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र बनवले, असा त्यांचा समज होता. सिंगरचे खरे चरित्र वाचले तर हा समज टिकत नाही. त्याची नजर कमाईवर होती, आणि घरसंसाराच्या बाबतीत तो कोणाला उदाहरण म्हणून सांगावा असा मुळीच नव्हता. गांधीजींनी मशीनकडे पाहून सिंगरची पारख केली असावी. मशीन त्याच्यापेक्षा चांगले निघाले.

ते घरोघर पोहोचवले मात्र त्याच्या भागीदाराने. एडवर्ड क्लार्क हा वकील. मशीनची किंमत शंभरावर डॉलर होती, कारागिराची कित्येक महिन्यांची कमाई. १८५६ मध्ये क्लार्कने हप्त्यांवर मशीन द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्या-महिन्याला. बाईने शिवून कमवावे आणि त्यातूनच हप्ता फेडावा. आज फ्रिज, मोबाइल, मोटारसायकल, सगळे ज्या हप्त्यावर येते, त्या पद्धतीला घरोघर नेणाऱ्यांत क्लार्क आघाडीवर होता. हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाव हिश्श्यात सिंगरचा कारभार मुंबईच्या एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी उभा केला. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून शिवण्याची सवय, म्हणून घरांमध्ये हातमशीनच जास्त दिसे. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्यात 'उषा' मशीन बनू लागले.

आता ते झाकण. भंगारवाल्याने पायाने सारलेले लाकडी झाकण अम्मीने उन्हात पालथे घातले आणि ओल्या फडक्याने आतून पुसायला घेतले, तर पेन्सिलीच्या ओळी दिसू लागल्या. आम्ही "अम्मी, थांब!" म्हणून ओरडलोच. दादी मकतबात शिकलेली, उर्दू लिहायची. आत चार रांगांमध्ये हिशेब होता. वरच्या वाडीची सून, दोन सदरे, आठ आणे. मोहल्ल्यातली एक बाई, इजार, चार आणे, बाकी. गोधडी, बारा आणे, पैकी सहा मिळाले. काही ओळींवर आडवी रेघ, म्हणजे वसूल. काहींवर रेघ नाही. हिशेब आण्यांत आहे, म्हणजे बहुधा १९५७ मध्ये नवे पैसे येण्याआधीचा.

अम्मीने मग सांगितले. ती सून म्हणून आली तेव्हा दादीनेच तिला हे ऐकवले होते. एका वर्षी दादांची मनिऑर्डर आठ महिने आली नाही. बोट कुठे आहे, माणूस कुठे आहे, काही कळत नव्हते. घरात अब्बा धरून तीन मुले. शेजारणींकडून तांदूळ उसने आणण्याची वेळ आली तेव्हा दादीने मशीनवरचे भरतकामाचे आच्छादन काढले. तोवर ते मशीन शोभेचे होते, बोटीवरल्या माणसाच्या घरातली मिरवायची वस्तू. त्या आठ महिन्यांत दादीने सारा गाव शिवला. अब्बांची शाळेची फी त्यातून गेली. अब्बा शिकले म्हणून आम्ही शिकलो. दादांची बोट कुठल्याशा परक्या बंदरात दुरुस्तीला अडकून पडली होती. ते आले तेव्हा दादीने त्यांना झाकण उघडून दाखवले, एवढेच. बोलली काहीच नाही म्हणे.

आम्ही चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्या झाकणाखालून मशीन काढत-ठेवत होतो. आत कधी कोणी पाहिले नाही.

स्टोविषयी दोनच ओळी. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने बिनवातीचा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो काढला, तो 'प्रायमस'. पंप मारून दाब द्यायचा, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग तेलाची वाफ होऊन निळी ज्योत लागते. अमुंडसेन तो दक्षिण ध्रुवावर घेऊन गेला. आपल्याकडे मात्र एक काळ असा होता, की वर्तमानपत्रात 'स्टोचा भडका उडून विवाहिता भाजली' ही ओळ आठवड्याला वाचायला मिळे, आणि भडके नेमके नव्या सुनांच्याच अंगावर कसे उडतात हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. आमचा स्टो गोणीतून आम्ही परत काढला नाही.

लोटा आणि बदना मात्र काढला. याला कारण एक अमेरिकन जोडपे. चार्ल्स आणि रे ईम्स हे खुर्च्यांसाठी जगप्रसिद्ध असलेले पती-पत्नी भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले, देशभर फिरले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. देशाने आपल्या वस्तूंचा घाट कसा घडवावा, हा विषय. त्यांनी ज्या वस्तूला सर्वांत सुंदर म्हटले ती महालातली नव्हती. तो आपला लोटा होता. त्यांनी प्रश्नांची लांब यादी दिली. किती पाणी मावावे? ओतताना तोल कुठे जातो? डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो? बाईच्या हाताला, पुरुषाच्या हाताला गळा कसा लागतो? आतून घासायला हात जातो का? दुसऱ्या भांड्यावर आपटला तर आवाज कसा येतो? आणि शेवटी मोडीत किती पैसे येतात? हे सगळे एका माणसाने बसून ठरवलेले नाही, कैक पिढ्यांनी थोडे थोडे ठरवले, असे त्यांचे म्हणणे. याच अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भंगारवाल्याने हंड्याला बोट मारून आवाज ऐकला होता, ते आम्हाला तेव्हा आठवले. अमेरिकन पाहुण्यांचे दोन प्रश्न तो रोज विचारतो.

बदना हा लोट्याचाच तोटी फुटलेला भाऊ. वुजू करताना पाण्याची धार बारीक हवी, वाया जाता कामा नये, एका हाताने धरून दुसऱ्यावर ओतता यावे, म्हणून तोटी. फारसीत याला आफताबा. जुन्या घरांत पाहुणे दस्तरखानावर बसले की घरातला लहान मुलगा आफताबा आणि चिलमची घेऊन एकेकाच्या हातावर पाणी घालत जाई. आम्ही घातले आहे. मोठ्या खालूंच्या हातावर गरम पाणी घातल्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

राहिले कपाट. 'अलमारी' हा शब्द आपण उर्दू समजतो, पण तो पोर्तुगिजांच्या 'आर्मारियो'वरून आला. लोखंडी कपाटाला मात्र सगळा महाराष्ट्र एकाच नावाने ओळखतो, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो : गोदरेजचे कपाट. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. कुलपांनंतर तिजोऱ्या, आणि १९२३ मध्ये लोखंडी कपाट. म्हणजे हे कपाट तिजोरीच्या घराण्यातले, कपड्यांच्या पेटीच्या नव्हे. मूठ फिरवली की दारे वर-खाली अडकतात, आत चोरकप्पा असतो, आणि त्या चोरकप्प्याची किल्ली बाईच्या पदराला. वाळवी, उंदीर, कोकणातला दमट पावसाळा, यांपुढे लाकडी पेटारे हरले ते या पत्र्यापुढे. ज्या घरात बाईच्या नावावर काही नसे, त्या घरात कुलूप लागणारी एक जागा तिची झाली. ही गोष्ट लहान नाही.

तेच कपाट यादीत पहिले कधी जाऊन बसले, ते सांगता येत नाही. आमच्या लहानपणी निकाहनंतर टेम्पोत आरसा बाहेर ठेवून कपाट बांधलेले असे, गावातून जाताना आरशात सगळ्यांची घरे दिसत जायची, आणि बायका दाराशी उभ्या राहून मोजायच्या. मेहेर किती ठरला हे कोणी विचारत नसे. आपल्या समाजात मुलाने द्यायचे असते, मुलीकडून घ्यायचे नसते, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही शिकवावे असे नाही. सगळ्यांना पाठ आहे. यादी तरीही येते, आणि पाठ असलेलेच लोक ती पाठवतात. मध्यस्थ बाईंना आम्ही हे सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "सर, तुमचे बरोबर आहे. पण मुलीला तिथे नांदायचे आहे ना?"

भावाशी आमचे दोनदा वाजले. शेवटी पुतणीनेच तोंड उघडले. ती डी.एड. करते आहे. म्हणाली, "चाचा, नवे मशीन नको. दादीचे द्या. झाकणासकट." तिच्या अब्बांनी विचारले, लोक काय म्हणतील, जुने मशीन दिले म्हणून? ती म्हणाली, "त्यांना झाकण वाचायला द्या. उर्दू येत असेल तर."

मशीन दिले. कपाट मात्र भावाने घेतलेच. बारा हप्त्यांवर. आम्ही हरलो म्हणा. त्यातले सात हप्ते अजून बाकी आहेत.

मशीन देण्याआधी अम्मीने ते ओटीवर मांडले. चाळीस वर्षांचे घट्ट झालेले तेल रॉकेलने धुतले, प्रत्येक भोकात मशीनचे तेल सोडले. बोटभर लांबीचा, होडीसारखा धोटा गंजला होता. तो मुंबईत एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. सुईची चिंता होती, पण आजही कोणत्याही दुकानात मिळणारी साधी मशीनची सुई त्याला चालते. अम्मीला आता जवळचे नीट दिसत नाही. आम्ही दोरा ओवायला पुढे झालो तर तिने हात बाजूला केला. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, डोळे मिटले आणि बोटांनी नेढे चाचपत पहिल्याच खेपेला दोरा ओवला. मग मूठ फिरवली.

परवा पुतणीचा फोन आला होता. झाकणाच्या आत दादीच्या शेवटच्या ओळीखाली थोडी जागा आहे, तिथे लिहिले तर चालेल का, असे विचारत होती. शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक शिवला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.